विमानतळावर कोणी हाक मारत नाही!

मलकापूर किंवा शेगावच्या प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघताना तुम्ही बिनधास्त डुलकी काढता. भोंगा वाजला की जाग येतेच! पण शिकायला परदेशी निघालेल्या दोस्तांनो, ही सवय विमानतळावर महागात पडेल. मुंबईचा विमानतळ २०१८ पासून ‘सायलेंट’ आहे. दुबईतही तीच पद्धत. बोर्डिंग सुरू झालं हे कोणी ओरडून सांगत नाही, स्क्रीन आपणच बघायची.

मध्ये सात-आठ तासांचा लेओव्हर असेल तर उतरल्याबरोबर तीन कामं उरका. घड्याळ तिथल्या वेळेला लावा. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, दुबई दीड तास मागे. हा फरक विसरलात तर विमान गेलंच समजा. गेट नंबर आला की तिथपर्यंत एकदा चालत जाऊन या. मग बोर्डिंगच्या तासभर आधीचा अलार्म लावा.

आता वेळ तुमचा! सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टर्मिनल ३ मध्ये फुलपाखरांची बाग आहे, तीही फुकट. तिथल्या ‘ज्वेल’मधला ४० मीटरचा धबधबा इमिग्रेशनच्या पलीकडे आहे. व्हिसा नसला तरी हिरमुसू नका, टर्मिनल २ आणि ३ मधल्या स्कायट्रेनच्या खिडकीतून तो दिसतो.

भूक लागली तर घरच्या दशम्या आणि शेगावची कचोरी काढा. तिथलं खाणं खिशाला झेपत नाही. झोपायचं तर बॅगेचा पट्टा हातात अडकवून, अलार्मवर भरवसा ठेवून खुशाल झोपा!