हसवायचे आहे? मग आपल्याच बोलीत लिहा

सीमाभागातील आपली मुले मराठीत घरी भडाभडा बोलतात, पण व्यासपीठावर उभी राहिली की अडखळतात. ‘आमची मराठी पुण्यासारखी नाही’ हा न्यूनगंड त्यामागे असतो. तो घालवण्याचा एक आनंददायी मार्ग म्हणजे विनोदी एकपात्री लिहिणे. शहरांत आता त्याला ‘स्टँड-अप कॉमेडी’ म्हणतात. नेपथ्य नको, वेशभूषा नको. एक माणूस, एक माईक आणि पाच मिनिटे पुरतात.

हा प्रकार आपल्याला परका नाही. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ मध्ये ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मधील ५२ पात्रे एकट्याने रंगवली, तीही मराठवाड्याच्या बोलीत. पु. ल. काही काळ बेळगावात प्राध्यापक होते. ‘गणगोत’मधील त्यांचे ‘रावसाहेब’ जरूर वाचावे. रावसाहेबांची कानडी वळणाची मराठी ‘शुद्ध’ केली, तर रावसाहेब उरतीलच कुठे?

मग नवशिक्याने सुरुवात कशी करावी? ऐकलेले चुटके बाजूला ठेवावेत. आठवडाभर वही जवळ बाळगून आपल्याला कशाचा राग येतो, कशाची लाज वाटते, ते टिपावे. विनोद तिथेच दडलेला असतो. गावाच्या पाटीचेच उदाहरण घेऊ. पहिला खर्डा असा होईल : ‘आमच्या गावाचे नाव पाटीवर एक, लोकांच्या तोंडी दुसरे आहे, त्यामुळे प्रवाशांची फार गैरसोय होते.’ यात तक्रार आहे, हसू नाही. आता हे पाहा : ‘आमच्या गावाला तीन नावं. एक पाटीवर, एक आमच्या तोंडात, तिसरं कंडक्टरच्या. आजी म्हणते, नाव काय बी असू दे, गाडी तेवढी थांबू दे की!’

फरक कशाने पडला? वाक्ये लहान झाली, बोलणारे माणूस आले आणि हसवणारा शब्द शेवटी गेला. त्यानंतर एक शब्दही जोडू नये. लोक हसत असताना बोललेले वाया जाते. लिहिलेले मोठ्याने वाचावे, घरच्या दोघातिघांना ऐकवावे. जिथे कोणी हसत नाही, तो भाग निर्दयपणे कापावा.

एक पथ्य मात्र पाळावे. हसू आपल्यावर आणि आपल्या अडचणीवर असावे, शेजाऱ्याच्या भाषेवर नव्हे. समोर बसलेला कानडी शेजारीही हसला, तर लेखन जमले असे समजावे.

शाळांनी स्नेहसंमेलनात आणि मंडळांनी गणेशोत्सवात अशा लेखनासाठी अर्धा तास राखून ठेवावा. त्यात सहा मुले बोलू शकतील. अट एकच असावी : मजकूर स्वतःचा आणि भाषा घरची.