सव्वा महिन्याच्या आतली तपासणी

बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेलं दीड किलोचं बाळ काचेच्या पेटीतून बाहेर येतं, दूध पचवू लागतं, वजन धरतं, तेव्हा घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. डिस्चार्ज मिळतो, बाळंतीण बाळाला घेऊन माहेरी जाते आणि सव्वा महिना दोघांनी उंबरा ओलांडायचा नाही असं ठरतं. नेमक्या याच दिवसांत बाळाच्या डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायचा असतो.

आजाराचं नाव रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. डॉक्टर आरओपी म्हणतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात आणि त्या कडेपर्यंत पोचेस्तोवर गरोदरपणाचे दिवस जवळजवळ पूर्ण भरत आलेले असतात. बाळ आधीच जन्मलं की हे काम अर्धवट राहतं. त्यात ऑक्सिजन जास्त झाला तर वाढ खुंटते. मग रक्त न पोचलेला भाग प्राणवायूला आसुसतो आणि तिथे नाजूक, वेड्यावाकड्या वाहिन्या उगवतात. त्यांतून रक्त झिरपतं, व्रण धरतो आणि तो पडदाच ओढून सुटा करतो. ऑक्सिजनकडे पहिलं बोट दाखवलं ते मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी, 1951 मध्ये. म्हणून ऑक्सिजन बंदच करायचा असं नाही. त्यावाचून बाळं दगावतात. तो औषधासारखा मोजून, हवेत मिसळून द्यायचा आणि पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा 95 च्या वर जाऊ द्यायचा नाही.

अमेरिकेत साधारण 1500 ग्रॅमपर्यंतची किंवा 30 आठवड्यांपर्यंतची बाळं तपासतात. आपल्याकडे ही मर्यादा 2000 ग्रॅमखाली किंवा 34 आठवड्यांआधी अशी आहे, कारण इथे त्यामानाने मोठ्या बाळांनाही तीव्र आरओपी होतो. जंतुसंसर्ग झाला असेल, रक्त द्यावं लागलं असेल, श्वास अडकत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर 34 ते 36 आठवड्यांच्या बाळालाही दाखवावं.

पहिली तपासणी तिसाव्या दिवसाआधी, आणि दिवस मोजायचे ते जन्मापासून, डिस्चार्जपासून नव्हे. अठ्ठावीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा 1200 ग्रॅमखालच्या बाळाची त्याहून लवकर, दोन ते तीन आठवड्यांत. बाळ पेटीत असेल तर तिथेच होते.

तासभर आधी दूध बंद. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब, मग डोळा बधिर करणारे. पापण्या उघड्या ठेवायला तारेचा बारीकसा चिमटा, डॉक्टरांच्या कपाळावर दिवा, हातात भिंग. जिभेवर साखरपाण्याचे थेंब देऊनही बाळ कळवळून रडतं आणि आईला ते पाहवत नाही. पण काही मिनिटांत सगळं आटोपतं, आणि याला दुसरा पर्याय नाही. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो. बाहुलीत पांढरेपणा दिसू लागेपर्यंत बहुधा वेळ निघून गेलेली असते.

पडदा ठीक असला तरी वाहिन्या कडेला पोचेपर्यंत डॉक्टर सांगतील त्या तारखांना पुन्हा जावं लागतं. आजार गंभीर वळणावर आला तर दोन-तीन दिवसांत लेझर किंवा डोळ्यात इंजेक्शन. एवढ्या थोड्या अवधीत खेड्यातून डॉक्टर गाठणं सोपं नाही, याचं भान ठेवून बंगळूरच्या नारायण नेत्रालयाने 2008 पासून कॅमेराच जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायला सुरुवात केली: तंत्रज्ञ पडद्याचे फोटो काढतात, तज्ज्ञ ते दुरून वाचतात. महाराष्ट्राच्या प्रत्येक नवजात अतिदक्षता विभागाने अशाच सोयीचा आग्रह धरायला हवा. तोवर डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख आणि जागा लिहून घेतल्याशिवाय आईवडिलांनी निघू नये. माहेर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिथली जागा विचारावी, आणि घरी येणाऱ्या आशाताईंना ते कार्ड दाखवावं.