नाचणीची आंबील आणि वाडीवरचे बालक

माथेरानच्या डोंगराभोवती वसलेल्या कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकूर आणि कातकरी वाड्यांवर बालकांच्या कुपोषणाचा प्रश्न अद्याप मिटलेला नाही. कुपोषण म्हणजे केवळ अन्नाचा तुटवडा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु पोटात गेलेले अन्न अंगी लागणे ही निराळी बाब असून, त्यासाठी आंबवण्याच्या जुन्या रीतीकडे वळावे लागते.

येथील वरकस जमिनीवर नाचणी पिकते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या पांढऱ्या तांदळात त्याचा दशांशही नसतो. मात्र दाण्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम, लोह व जस्त यांना जखडून ठेवते. नाचणी भिजवून मोड आणले की दाण्यातीलच विकरे हे बंधन सैल करू लागतात. मग ती वाळवून दळावी आणि पीठ ताकात रात्रभर ठेवावे. ताकातील दुग्धाम्ल जिवाणू (आमच्या अनेक घरांत फुग्यांचे पीठ फुगवणाऱ्या किण्वाचे हे दूरचे सोबती) पीठ आंबवतात. त्या आंबटपणात विकरांचे काम पुढे चालते, आणि हगवणीच्या बऱ्याच जंतूंना वाढणे कठीण जाते.

दुसरा लाभ आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. बालकाचे पोट लहान. घट्ट पेज त्याला गिळवत नाही, म्हणून आई पाणी वाढवते. पोट भरते, पण बळ मिळत नाही. शिजलेली पेज कोमट असताना त्यात चमचाभर मोडाचे पीठ ढवळले, तर पिष्टाचे विघटन होऊन ती पाण्यावाचून पातळ होते. त्यानंतर ती पुन्हा उकळावी. टांझानियातील माता मोडाच्या पिठाने तोग्वा नावाची अशीच आंबट पेज करतात.

आंबिलीने सर्व काही साधते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. पावसाळा सरल्यावर कित्येक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. तेथे बाळासाठी भांडे वेगळे ठेवून आंबवायला उसंत कोणाला? बुरशी लागलेल्या धान्यातील विषही आंबवल्याने खात्रीने जात नाही. ते धान्य टाकूनच द्यावे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध. त्यानंतर दुधाच्या जोडीने आंबील, आणि तिच्यासोबत डाळ, अंडे, चमचाभर तेल. अगदी रोडावलेल्या वा अंगावर सूज आलेल्या बालकाला मात्र घरी न ठेवता तत्काळ रुग्णालयात न्यावे.