पोरीला सायकल मिळाली, आता रस्त्यात जागाही द्या

सायकल म्हटली की पूर्वी आपल्या भागात डोळ्यांसमोर यायचा तो दूधवाला, पोस्टमन, नाही तर परगावाहून येऊन-जाऊन नोकरी करणारा गुरुजी. लग्नात जावयाला घड्याळ, रेडिओ आणि सायकल दिली की सासऱ्याची मान ताठ. शहरात नगरपालिका सायकलीवर कर घेऊन पत्र्याचा बिल्ला द्यायची आणि रात्री दिवा नसला की पोलीस अडवायचा. पुढे घरोघरी मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली. ती आता पुन्हा रस्त्यावर आली आहे. फरक एवढाच, की तिच्यावर आता शाळेला जाणारी मुलगी बसली आहे.

हे आपोआप घडलेले नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. किनवटसारखे नांदेड जिल्ह्यातले तालुके त्यात येतात. २०२२ मध्ये अनुदानाची रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाली. त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात, एसटीचा लांबलेला संप झाला. एसटीवाचून शाळा कशी गाठायची, हा प्रश्न तेव्हा गावोगाव पडला. ज्या घरात सायकल होती, त्या घरातल्या मुलीचा वर्ग बुडाला नाही.

बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली देण्याचे ठरवले. पुढे अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा माध्यमिक शाळेतील मुलींचे प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत हा फरक जास्त होता. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बाया सायकल शिकल्या. तेव्हा सायकल ही चैन नव्हे, मुलीच्या शिक्षणाची ती चाके आहेत.

सव्वा मीटरचा हिशेब

पण सायकल दिली आणि रस्ता तोच ठेवला, तर काय होते? आपला गावरस्ता मोजून बघा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला डांबरी पट्टा साधारण पावणेचार मीटरचा असतो. मालमोटारीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. म्हणजे ट्रक किंवा बस आली की उरतो सव्वा मीटर, तोही ट्रक पार एका कडेने गेला तर. रस्त्याच्या मधून गेला तर दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट. एवढ्यात सायकल बसत नाही. पोरीला खाली उतरावेच लागते.

खाली काय असते? आपली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यामुळे डांबराची कड तुटते आणि साईडपट्टी वीतभर खाली बसते. पुढचे चाक त्या कडेवरून घसरले की सायकल पडते, आणि पडते ती बहुधा रस्त्याच्या बाजूला. वरून वेड्या बाभळीची झुडपे डांबरापर्यंत आलेली. काट्याने पंक्चर होते ते वेगळेच. वळणावर पलीकडचे दिसत नाही, हे जास्त वाईट.

उसाचा हंगाम आणि शाळा सुटण्याची वेळ

दिवाळीनंतर आपल्या दोन्ही जिल्ह्यांत कारखान्यांची धुराडी पेटतात. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे शाळा सुटून मुली घराकडे निघतात त्याच तासाला अंधार पडतो, आणि त्याच रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या असतात. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, पाचट बाहेर लोंबतेय आणि ट्रॅक्टरवर टेप इतका मोठा, की सायकलची घंटी ऐकूच येत नाही.

वळणावरचा धोका चालकाने समजून घ्यावा. ट्रॅक्टरचे पुढचे चाक जिथून जाते, तिथून मागची ट्रॉली जात नाही. ती आत कापते. दुसरी ट्रॉली आणखी आत येते. त्या आतल्या बाजूला सायकल असली, तर चालकाला ती दिसतही नाही. म्हणून वळण घेण्याआधी डावीकडे बघणे आणि सायकलवाला पुढे निघून जाईपर्यंत थांबणे, एवढे तरी झालेच पाहिजे.

चालकांनो, नियम तुमच्यासाठी आहे

"मोठ्या गाडीला लहान गाडीने वाट द्यायची" असा आपल्याकडे समज आहे. कायदा उलटे सांगतो. २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमांत पायी चालणारे, सायकलस्वार, मुले आणि वृद्ध यांची विशेष काळजी घेण्याची जबाबदारी वाहनचालकावर टाकली आहे. सायकलला ओलांडताना चार-पाच फूट अंतर सोडा. तेवढी जागा नसेल तर मागे थांबा. अगदी जवळ येऊन कर्कश हॉर्न मारू नका. पोरगी दचकते आणि हँडल वळते. देशात दरवर्षी साडेचार हजारांहून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मरतात. त्यांच्याकडे ना हेल्मेट, ना पत्रा. ट्रक-ट्रॅक्टरवाल्याची पाच मिनिटे मोडली तर काय बिघडते?

आई-वडिलांनी काय बघावे

सायकल डाव्या बाजूनेच चालवायची. पायी चालणाऱ्याने उजवीकडून, म्हणजे समोरची गाडी दिसेल असे चालावे, हे खरे. पण सायकलला ते लागू नाही. तुळजापूर-लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड या ३६१ क्रमांकाच्या महामार्गावर दुभाजकातला रस्ता लांब पडतो, म्हणून उलट दिशेने जाण्याचा मोह होतो. तो टाळावा. सेवा रस्ता किंवा पुलाखालचा मार्ग असेल तर तोच धरावा. दोन्ही ब्रेक, घंटी, मागचा लाल रिफ्लेक्टर दर आठवड्याला तपासा. कॅरिअरवर डबलशीट नको.

सरपंच आणि अधिकाऱ्यांच्या हातात

रस्ता कुणाचा, हे आधी माहीत करून घ्या. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर पाच वर्षे देखभालीची जबाबदारी कंत्राटदाराची असते. त्याचे नाव आणि मुदत रस्त्यावरच्या फलकावर लिहिलेली असते. ती मुदत संपण्याआधी साईडपट्टीत मुरूम भरून आणि दाबून घ्या. ग्रामसभेत ठराव करून शाळेजवळ गतिरोधक व फलक मागा. झुडपे तोडायला मात्र कुणाच्या मंजुरीची वाट बघू नका. पावसाळ्यानंतर एक दिवस श्रमदान पुरे. हंगामाआधी कारखान्याच्या शेतकी विभागाला पत्र देऊन ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायला सांगा.

नांदेड शहरात २००८ च्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या काळात रस्ते नव्याने झाले, तेव्हा काही ठिकाणी सायकलींसाठी वेगळी पट्टी आखली गेली. पण पट्टी आखून भागत नाही, ती मोकळी ठेवावी लागते. गावातही तेच. मुरूम भरलेल्या साईडपट्टीवर कडब्याची गंज, खताचा ढीग किंवा उभा ट्रॅक्टर असेल, तर सायकल पुन्हा डांबराच्या मधोमध येणारच.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायदा दुरुस्तीने संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने बाजूला होऊ नका. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला नेमलेल्या रुग्णालयात दीड लाख रुपयांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना लागू आहे. धडक देऊन वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तर एप्रिल २०२२ पासून मृत्यूला दोन लाख आणि गंभीर इजेला पन्नास हजार रुपये भरपाई मिळते. तिचा अर्ज महसूल विभागाच्या उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात करावा. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि पंचनामा झालेला असला पाहिजे. पोलीस पाटलांनी हे घरच्यांना त्याच दिवशी सांगावे.

पण भरपाईने पोरगी परत येत नाही. रस्त्यावर एकदा वाईट घडले, की त्या घरातलीच नव्हे, सगळ्या वाडीतल्या मुलींची शाळा बंद होते. पाच हजारांची सायकल मग पुन्हा गोठ्याच्या भिंतीला टेकते. ते होऊ द्यायचे नसेल, तर या पावसाळ्यानंतर आपल्या गावापासून शाळेपर्यंतची साईडपट्टी एकदा स्वतः चालून बघा.