आजीच्या डब्यातले दागिने आणि मोजमापाचे प्रश्न

पीएचडीची तयारी करणारे ज्युनियर्स मला हमखास विचारतात, "विषय ठरलाय, पण रिसर्च क्वेश्चन म्हणजे नक्की काय?" एरर, सॅम्पलिंग, प्रिसिजन हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. नेटच्या परीक्षेत तेवढ्यावर भागतंही. पण प्रत्यक्ष काहीतरी मोजायला घेतलं की हे शब्द एकमेकांशी भांडायला लागतात. ते भांडण दाखवायला लॅबपेक्षा चांगलं उदाहरण मला घरात सापडलं: वारशाने आलेले जुने दागिने.

"हे सोनं खरं आहे का, आणि केवढ्याचं?" हा प्रश्न ऐकायला एक वाटतो. त्यात निदान चार प्रश्न आहेत. धातू कोणता, त्यात सोनं किती टक्के, वस्तू केव्हाची, आणि किंमत कोणासाठी. चौघांची उत्तरं चार वेगळ्या पद्धतींनी मिळतात. कुठल्या प्रश्नाला कुठली पद्धत हे ठरवणं म्हणजेच रिसर्च डिझाइन.

आमच्या घरी हा प्रश्न उभा राहिला तो आजी गेल्यानंतर. तिचा डबा आई आणि दोन मावश्यांत वाटायचा होता. एक मुलुंडला, एक बोरिवलीला, एक घाटकोपरला. डब्यात दोन पाटल्या, बोरमाळ, पुतळ्यांची माळ, मोत्यांची नथ आणि कुड्या. सगळ्यांना पटलेला तोडगा सोपा होता: वजन करा, तीन सारखे भाग करा. ग्रॅमला ग्रॅम, भांडण नको. अशा वाटण्यांवरून सख्ख्या बहिणी वर्षानुवर्षं बोलत नाहीत हे सगळ्यांनी पाहिलेलं, त्यामुळे तिघी फार जपून होत्या. अडचण एवढीच की या डब्यातला एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमसारखा नव्हता.

आधी एकक बघा. डब्यात पुतळ्यांच्या माळेची जुनी चिठ्ठी होती: 3 तोळे, 4 मासे, 2 गुंजा. आज दुकानात तोळा म्हणजे 10 ग्रॅम, असा सरळ हिशेब चालतो. त्या हिशेबाने माळ साधारण 33.5 ग्रॅमची व्हायला हवी. काट्यावर मात्र 39 च्या आसपास! मावशीला वाटलं काटा बिघडलाय. पण जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. त्याचे 12 मासे, आणि एका माशाच्या 8 गुंजा. तसं धरलं तर 34.99 अधिक 3.89 अधिक 0.24, म्हणजे 39.12 ग्रॅम. चिठ्ठीही बरोबर, काटाही बरोबर. गोंधळ फक्त शब्दाचा. जुना डेटासेट हातात आला की आकडे वाचायच्या आधी एककं वाचा.

आता शुद्धता. मराठीत यासाठी किती नेमके शब्द आहेत बघा. दगडावर रेघ ओढून आम्लाने तपासतात तो कस. आगीत घालून बघतात ते तावणं. आणि टोचून आतलं बघतात ते सुलाखणं. आपण "तावून सुलाखून निघाला" असं माणसाबद्दल सहज बोलून जातो, पण मुळात या तीन वेगळ्या चाचण्या आहेत आणि त्या वस्तूच्या तीन वेगळ्या भागांबद्दल सांगतात. कस पृष्ठभागाचा, सुलाख आतल्या गाभ्याची, आणि आग सगळ्या नमुन्याची.

हल्ली सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफ मशीन असतं. क्ष-किरण मारायचे, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरावीक ऊर्जेचे किरण परत सोडतं, त्यावरून प्रमाण काढायचं. दागिन्याला ओरखडाही येत नाही, मिनिटाभरात आकडा हातात. पण सोनं हे जड मूलद्रव्य. आतून निघालेले किरण ते स्वतःच शोषून घेतं. त्यामुळे मशीनला दिसतो तो वरचा काही मायक्रॉनचा थर. शास्त्र नवं, पण काम कसोटीच्या दगडाचंच: पृष्ठभागाची चौकशी. जाड मुलामा असेल तर आतलं कळत नाही. आणि अस्सल दागिन्यातही घोळ होतो. दागिना आम्लात उजळला की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा जास्त शुद्ध दिसतो. उलट, बीम नेमका डाकाच्या जागी पडला तर आकडा कमी येतो, कारण जोडायला वापरलेलं जुनं डाक मूळ सोन्यापेक्षा हलक्या कसाचं असायचं. म्हणून एका जागी तीनदा मोजण्यापेक्षा तीन जागी एकेकदा मोजा. स्लिपवर 91.64 असे दोन दशांश छापून आले म्हणजे उत्तर तेवढं अचूक आहे असं नाही. तो फक्त त्या ठिपक्यापुरता आकडा आहे.

घरी करता येण्यासारखी पद्धत म्हणजे आर्किमिडीजची, आणि मला ती फार आवडते. 0.01 ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा, पाटली दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवा. तळाला किंवा कडेला लागू द्यायची नाही. काटा दाखवेल तितके ग्रॅम पाणी बाजूला सरलं, म्हणजे तितके घन सेंटिमीटर आकारमान. समजा पाटली 23.40 ग्रॅम आणि आकारमान 1.32. घनता 17.73. शुद्ध सोन्याची 19.3, म्हणजे 22 कॅरेट असावं असं वाटतं.

इथे थांबून विचार करा. उरलेला धातू तांबं आहे की चांदी, हे आपल्याला माहीत नाही. सगळं तांबं (घनता 8.96) धरलं तर हीच घनता 22.2 कॅरेट सांगते, सगळी चांदी (10.5) धरली तर 21.5. मोजणी अगदी परिपूर्ण असली तरी ही संदिग्धता जात नाही, कारण एका समीकरणात दोन अज्ञात आहेत. त्यात आकारमानात 0.02 ची चूक धरा, एखादा हवेचा बुडबुडा एवढं सहज करतो, मग पट्टा 21 ते 22.5 असा रुंदावतो. म्हणजे "पाटली खोटी नाही" हे ही पद्धत बऱ्यापैकी ठामपणे सांगते. "21 की 22" हे नाही सांगत. आणि टंगस्टनची घनता 19.25, सोन्याला जवळजवळ चिकटून. तो भरलेला असेल तर घनता गप्प बसते.

बोरमाळ हे खरं दुखणं. बोरमाळेचे मणी म्हणजे सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख; कोल्हापुरी साजातही असेच मणी असतात. त्यांची घनता कमी येणारच, म्हणून ते नकली ठरत नाहीत. पण वाटणीच्या वजनात लाखही सोन्याच्या भावाने जाते! ज्या मावशीच्या वाट्याला बोरमाळ येणार होती, तिला घाट्याचा भाग मिळत होता आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

न मोडता आतलं सोनं किती, याचा अंदाज निघतो का? समजा ओवलेले मणी दोऱ्यातून काढून वजन 40 ग्रॅम, आकारमान 12 घन सेंटिमीटर. सोन्याची घनता 17.7 आणि भरावाची 1.2 धरली तर सोनं साडेसत्तावीस ग्रॅम निघतं. पण लाखेत वीटभुकटी वगैरे मिसळून भराव 1.6 चा झाला असेल तर तेच उत्तर 23 ग्रॅमवर येतं. मणी आत थोडे पोकळ राहिले असतील तर आणखी वेगळं. साडेचार ग्रॅमचा फरक एका गृहीतकावरून. यालाच सेन्सिटिव्हिटी ॲनालिसिस म्हणतात. आम्ही शेवटी बोरमाळ वजनाच्या वाटणीतून बाहेर काढली, हेच मला योग्य वाटतं. एकच आकडा काढून तो तिघींवर लादण्याइतकी खात्री कुठल्याच पद्धतीत नव्हती.

नेमकं उत्तर हवंच असेल तर अग्निपरीक्षा, म्हणजे फायर असे. सोन्याचा लहान तुकडा शिशाबरोबर सच्छिद्र मुशीत तापवतात. शिसं आणि तांबं ऑक्साइड होऊन मुशीत शोषलं जातं, चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात, उरतं ते सोनं तोलायचं. अजूनही सर्वांत विश्वासाची पद्धत हीच, पण तेवढा नमुना जातो. आजीच्या पुतळीचा तुकडा कापायला आमच्या घरी कोणी तयार होईना.

"केव्हाचं?" या प्रश्नाला घरची आठवण हा पुरावा आहे, पण ती तपासावी लागते. हॉलमार्क असेल तर वस्तू 2000 नंतर तपासली गेली, कारण बीआयएसची सोन्यासाठीची योजना तेव्हा सुरू झाली. सहा अक्षर-अंकी एचयूआयडी 2021 पासूनचा. तो बीआयएस केअर ॲपवर पडताळता येतो. हॉलमार्क नसणं मात्र काहीच सिद्ध करत नाही, जुन्या दागिन्यावर तो असणारच नाही. 14 कॅरेटचा जुना दागिना निघाला तर लगेच सोनाराला दोष देऊ नका. मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि काही वर्षं 14 कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी होती. पुतळीवरच्या आकृती व्हेनिसच्या डुकॅट नाण्यावरून आलेल्या, पण त्या साच्याच्या नकला इकडे खूप काळ पडत राहिल्या. आकृती जुनी म्हणजे पुतळी तेवढी जुनी असं नाही.

नथीतली मोती सगळे "बसऱ्याचे" म्हणतात. आखाती मोत्यांच्या व्यापाराचं मुंबई हे मोठं केंद्र होतं, त्यामुळे ते शक्य आहे. पण 1920 च्या दशकापासून जपानचे कल्चर्ड मोती बाजारात आले. मोती दातावर घासून खरखर लागली तर ते काच-प्लास्टिक नाही एवढंच कळतं; कल्चर्ड मोतीही तसाच खरखरतो, कारण वरचा थर तोच. आतला मणी दाखवतो एक्स-रे. लाल खड्याचंही तेच. व्हर्नुईलने ज्योतीत माणिक बनवायची पद्धत 1902 मध्ये जाहीर केली. त्या माणकाची घनता, वक्रीभवनांक नैसर्गिक माणकाएवढाच. ते मोजत बसलात तर आयुष्यभर फरक सापडणार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या रेषा वक्र आहेत की सरळ, हे बघावं लागतं. दोन गृहीतकं ज्या गुणधर्मात वेगळी पडतात तोच मोजायचा, ही गोष्ट मला कोर्सवर्कपेक्षा या खड्याने जास्त स्पष्ट केली.

राहिली किंमत. मोडीची किंमत म्हणजे वितळवून उरलेलं सोनं गुणिले भाव; त्यात घडणावळ शून्य. तसाच दागिना नव्याने करायचा तर घडणावळ आणि जीएसटी धरून आकडा बराच वर जातो. आणि विकून भांडवली नफा दाखवायचा तर 1 एप्रिल 2001 च्या आधीच्या मालमत्तेला त्या दिवशीचं बाजारमूल्य खरेदीमूल्य म्हणून धरता येतं, त्यासाठी नोंदणीकृत मूल्यनिर्धारकाचा दाखला उपयोगी पडतो. वाटणीसाठी आम्ही पाटल्या आणि पुतळ्या मोडीच्या भावाने धरल्या. बोरमाळ घाटकोपरच्या मावशीला घालायला हवी होती, तिने ती 23 ग्रॅम सोनं समजून घेतली आणि बाकी दोघींनी मान्य केलं. नथ आणि कुड्या अजून आईच्या कपाटात आहेत.

स्वतः तपासून बघणाऱ्यांसाठी: बीआयएस मान्यताप्राप्त केंद्रात सामान्य ग्राहकालाही शुल्क भरून हॉलमार्क नसलेला दागिना तपासून घेता येतो. जाताना कुठल्या जागी मोजायचं ते आधी ठरवून जा, डाकाची जागा आणि मधली जागा दोन्ही मागा. मोती आणि खडे तिथे कळत नाहीत; त्यासाठी रत्नपरीक्षणाची प्रयोगशाळा लागते, जीआयए आणि जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या दोन्ही मुंबईत आहेत. आणि मोत्याचा दागिना उजळायला आम्लाजवळ नेऊ देऊ नका. मोती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, तो विरघळतो.