क्रॅश रिपोर्टचं आयुष्य किती?

प्रोग्रॅम चालता चालता धाडकन बंद पडतो आणि पाठोपाठ एक खिडकी उघडून विचारते, बिघाडाचा रिपोर्ट पाठवू का? आपण घाईत असतो. 'नको'वर क्लिक करून पुन्हा कामाला लागतो. तोवर डिस्कवर एक फाईल लिहून झालेली असते. तिचं पुढे काय होतं हे फारसं कोणी पाहत नाही, पण मतं मात्र ठाम असतात. कोणी म्हणतं, या फायली वर्षानुवर्षं साठून डिस्क खातात. कोणी म्हणतं, सगळं गुपचूप कंपनीकडे जातं. खरं तर या व्यवस्थेचे नियम बरेचसे उघड आहेत, काही ठिकाणी तर सोर्सकोडच कोणालाही वाचता येतो. तरीही या विषयावर अंदाजपंचे बोललं जातं ते का, कळत नाही.

गैरसमज: जुने रिपोर्ट साठत जातात आणि डिस्क भरते

उबुंटू लिनक्सपासून सुरुवात करू, कारण तिथे झाकलेलं काही नाही. प्रोग्रॅम कोसळला की लिनक्सचा कर्नल त्या क्षणीची त्याची मेमरी 'ॲपोर्ट' या प्रोग्रॅमच्या हवाली करतो. ॲपोर्ट ती 'व्हार' डिरेक्टरीतल्या 'क्रॅश' फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. फाइलीच्या नावात कोसळलेल्या प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता असतो आणि वापरकर्त्याचा क्रमांक. उबुंटू पहिल्या वापरकर्त्याला १००० हा क्रमांक देतं, म्हणून घरच्या मशीनवर बहुतेक नावांत १००० दिसेल.

ही फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडते. वरच्या ओळींत बिघाडाचा प्रकार, तारीख, प्रोग्रॅमचा पत्ता. मग 'सिग्नल: ११' अशी एखादी ओळ. अकरा म्हणजे प्रोग्रॅमने आपली नसलेली मेमरी वापरायचा प्रयत्न केला. सहा असेल तर काहीतरी भलतंच झालंय हे ओळखून प्रोग्रॅमने स्वतःच काम थांबवलं. आणखी खाली 'कोअरडम्प' ही ओळ येते आणि तिच्यापुढे कशाचाही अर्थ न लागणारी अक्षरंच अक्षरं. ती प्रोग्रॅमची मेमरी. आधी जीझिपने दाबलेली आणि मग टेक्स्ट फाइलीत बसावी म्हणून बेस-६४ पद्धतीने लिहिलेली. या दुसऱ्या पायरीत आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. ब्राउझरसारखा मेमरीखाऊ प्रोग्रॅम असेल तर एकच फाईल शेकडो एमबींची होऊ शकते. तेव्हा डिस्कची काळजी करणारे अगदीच चुकीचे नाहीत.

पण झाडूची सोयही तिथेच केलेली आहे. रोज एकदा चालणारं काही ओळींचं स्क्रिप्ट या फोल्डरमधल्या सात दिवसांपेक्षा जुन्या फायली काढून टाकतं. यात एक बारीक गंमत आहे. हे काम 'फाइंड' कमांडकडे सोपवलेलं आहे आणि ती वय मोजताना अपुरा दिवस धरतच नाही. त्यामुळे 'सातपेक्षा जुनी' म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण आठ दिवसांची झालेली फाईल.

दुसरा नियम जास्त हुशार आहे. एखाद्या प्रोग्रॅमचा रिपोर्ट फोल्डरमध्ये पडून आहे आणि तो अजून कोणी पाहिलेला नाही, अशा वेळी तोच प्रोग्रॅम पुन्हा कोसळला तर ॲपोर्ट नवा रिपोर्ट लिहीतच नाही. कारण उघड आहे. सुरू झाल्या झाल्या कोसळणारा आणि आपोआप पुन्हा सुरू होणारा प्रोग्रॅम तासाभरात डिस्क भरून टाकेल. मात्र याचा एक परिणाम फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. हाती असलेला रिपोर्ट शेवटच्या क्रॅशचा असेलच असं नाही, तो चार दिवसांपूर्वीच्या पहिल्या क्रॅशचाही असू शकतो. मधल्या काळात अपडेट झाला असेल तर तो रिपोर्ट जुन्या आवृत्तीचं दुखणं सांगतोय. वरची तारीख वाचल्याशिवाय त्यावर वाद घालू नये.

फेडोरा, आर्च यांसारख्या लिनक्सवर हे काम 'सिस्टमडी-कोअरडम्प' करतो. तिथे हिशेब दिवसांचाही आहे आणि जागेचाही. मूळ सेटिंगप्रमाणे डम्प मिळून त्या फाइलसिस्टिमचा १० टक्क्यांहून जास्त भाग वापरत नाहीत आणि १५ टक्के जागा मोकळी राहील हे पाहिलं जातं. शिवाय ठरावीक दिवसांनी जुने डम्प पुसले जातात. ही मुदत पूर्वी तीन दिवस होती, अलीकडच्या आवृत्त्यांत दोन आठवडे आहे.

विंडोज दिवसांऐवजी नग मोजतं. विंडोज एरर रिपोर्टिंगच्या संग्रहात मूळ सेटिंगनुसार ५०० रिपोर्ट मावतात आणि पाठवायचे राहिलेल्यांच्या रांगेत ५०. निळा पडदा येऊन अख्खं मशीन बसतं तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा लिहिली जाणारी मोठी 'मेमरी' डम्प फाईल कितीतरी जीबींची असू शकते, पण ती एकच असते. पुढचा निळा पडदा आला की नवी फाईल जुनीवरच लिहिली जाते, म्हणजे आदल्या वेळचा पुरावा गेला. तो हवा असेल तर दुसऱ्यांदा मशीन बसण्याआधीच फाईल दुसरीकडे हलवायला हवी.

क्रोमियमवर बेतलेल्या ब्राउझरांत आणि बऱ्याच चॅट प्रोग्रॅमांत 'क्रॅशपॅड' असतं. त्याची मूळ मर्यादा १२८ एमबी किंवा ३६५ दिवस, जी आधी ओलांडली जाईल ती, आणि तपासणी दिवसातून एकदा. मॅकवर रिपोर्ट 'डायग्नोस्टिक रिपोर्ट्स' फोल्डरमध्ये असतात. त्यातच 'रिटायर्ड' नावाचं एक उपफोल्डर आहे. नाव मोठं झकास ठेवलंय.

गैरसमज: रोज तीच सूचना येते, म्हणजे प्रोग्रॅम रोज कोसळतोय

उबुंटू वापरणाऱ्यांना हे नवं नाही. सकाळी लॉगिन केलं की 'सिस्टिम प्रोग्रॅममध्ये बिघाड आढळला' अशा अर्थाची खिडकी येते. काहीही उघडलेलं नसताना! मग व्हायरसची शंका, मग पुन्हा इन्स्टॉल करण्याची तयारी. प्रत्यक्षात फोल्डरमध्ये मागचाच न हाताळलेला रिपोर्ट पडलेला असतो आणि सूचना देणारा प्रोग्रॅम तो पाहून इमानेइतबारे पुन्हा विचारतो. फोल्डर उघडा, फाइलीची तारीख पाहा. तारीख जुनी असेल तर फाईल काढून टाका, खिडकी बंद होईल. तारीख आजची असेल तेवढंच काळजीचं कारण.

गैरसमज: 'पाठवा' म्हटलं म्हणजे तक्रार नोंदली गेली

कोणीतरी इंजिनियर आपला रिपोर्ट उघडून वाचेल आणि उत्तर देईल, अशी भाबडी अपेक्षा असते. उत्तर आलं नाही की लोक चिडतात. पण हे रिपोर्ट माणसाने एकेक वाचावेत म्हणून जमवलेलेच नसतात. सर्व्हरवर पोचल्यावर ते कोडमधल्या कोणत्या जागी कोसळले यावरून गटांत टाकले जातात आणि मोजले जातात. कोणता गट वेगाने फुगतोय हे पाहून कामाचा क्रम लागतो. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी २००२ मध्ये ग्राहकांना लिहिलेल्या पत्रात सांगितलं होतं की साधारण २० टक्के दोषांमुळे ८० टक्के बिघाड होतात आणि निम्म्या बिघाडांमागे तर अवघे एक टक्का दोष असतात. आपला एक रिपोर्ट या मोजणीतलं एक मत आहे.

उबुंटूच्या स्थिर आवृत्तीत तर क्रॅशचे रिपोर्ट 'लाँचपॅड' या तक्रारवहीत मुळात जातच नाहीत, ते आकडेवारीच्या वेगळ्या सर्व्हरवर जातात. उत्तर हवं असेल तर तक्रार स्वतः, हाताने नोंदवावी लागते.

गैरसमज: पाठवलं की फाईल जाते, आणि पुसलं की विषय संपतो

या दोन्ही समजुती उलट्या आहेत. उबुंटूवर 'पाठवा' म्हटल्यावर मूळ फाईल जागच्या जागीच राहते. शेजारी त्याच नावाची 'अपलोड' अशी शेपूट लावलेली रिकामी फाईल येते, ती म्हणजे 'हे पाठवायचं आहे' अशी खूण. काम झालं की 'अपलोडेड' अशी दुसरी खूण येते. मूळ फाईल मात्र मुदत संपेपर्यंत तिथेच.

आणि एकदा गेलेली प्रत आपल्याकडची फाईल पुसून परत येत नाही. तिचं आयुष्य सर्व्हरच्या नियमाने चालतं. मोझिला आपल्याकडे आलेले क्रॅश रिपोर्ट सहा महिने ठेवते. फायरफॉक्सच्या क्रॅशयादीत पाठवलेल्या प्रत्येक रिपोर्टला लांबलचक ओळख-क्रमांक असतो. त्याचे शेवटचे सहा आकडे पाहा, ती तारीख असते. २४०३१५ म्हणजे १५ मार्च २०२४. या क्रमांकाचा रिपोर्ट १५ सप्टेंबरनंतर शोधायला गेलात तर तो मिळायचा नाही. तुमच्या यादीतली ओळ मात्र तशीच दिसत राहील.

लिनक्सच्या 'कोअरडम्पसीटीएल' कमांडमध्येही असाच चकवा आहे. यादीत क्रॅशची ओळ दिसते, पण फाइलीच्या रकान्यात 'मिसिंग' लिहिलेलं असतं. नोंद सिस्टिमच्या लॉगमध्ये राहते आणि डम्प वेगळ्या फोल्डरमध्ये, दोन्हींची सफाई वेगवेगळी होते. तेव्हा 'मिसिंग' पाहून कोणी चोरून पुसलं असं समजू नये.

गैरसमज: रिपोर्टमध्ये नुसती तांत्रिक माहिती असते

माझ्या मते हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज आहे, आणि डिस्कची चिंता करणारे लोक नेमकं याकडेच दुर्लक्ष करतात. पूर्ण डम्प म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची नक्कल. लिबरऑफिसमध्ये मृत्युपत्राचा मसुदा उघडा असताना प्रोग्रॅम कोसळला, तर त्या मसुद्यातली वाक्यं डम्पमध्ये असू शकतात. ब्राउझरचा डम्प असेल तर नुकताच टाइप केलेला पासवर्डही. मिनीडम्प बराच लहान असतो. त्यात मुख्यतः प्रत्येक थ्रेडचा स्टॅक आणि लोड झालेल्या फायलींची यादी असते, पण स्टॅकवरही खासगी मजकूर सापडू शकतो.

रिपोर्ट गोळा करणाऱ्यांना हे ठाऊक आहे. लाँचपॅडवर ॲपोर्टमार्फत आलेली क्रॅशची तक्रार सुरुवातीला खासगी ठेवतात. सर्व्हर कोअरडम्पमधून फंक्शनांची साखळी काढून घेतो आणि मग कोअरडम्प तक्रारीतून काढून टाकतो. अशी काळजी सगळीकडे घेतली जात होती असं नाही. डिसेंबर २०१३ मध्ये जर्मनीच्या 'डेर श्पीगेल' साप्ताहिकाने बातमी दिली होती की अमेरिकेची एनएसए ही गुप्तहेर संस्था वाटेत पकडलेल्या विंडोज क्रॅश रिपोर्टांवरून लक्ष्य केलेल्या कॉम्प्युटरची माहिती काढते. तेव्हा कोणत्या मशीनवर काय कोसळतंय एवढं कळणंसुद्धा कोणाच्या तरी कामाचं असतं.

म्हणून ओळखीच्या माणसाला 'जरा बघ ना' म्हणत ईमेलवर किंवा ग्रुपवर आख्खी डम्प फाईल टाकू नये. वरच्या टेक्स्टच्या ओळी बहुतेक वेळा पुरतात. उबुंटूवर 'ॲपोर्ट-अनपॅक' कमांड रिपोर्टचे सुटे भाग करून देते. त्यातलं कोअरडम्प बाजूला ठेवा, बाकीच्या भागांवर नजर फिरवा आणि मगच पाठवा.

गैरसमज: हे पुसलं की कॉम्प्युटर वेगात चालतो

नाही चालत. जागा मोकळी होते, बस्स. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तरच फरक जाणवेल, आणि त्यासाठी पैसे देऊन 'क्लीनर' घ्यायची गरज नाही. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्येच एरर रिपोर्ट आणि मेमरी डम्प यांच्या वेगळ्या चौकटी आहेत.

प्रोग्रॅम एकदाच कोसळला असेल तर खुशाल विसरा, व्यवस्था आपली सफाई करेल. वारंवार कोसळत असेल आणि दाद मागायची असेल तर पहिल्याच दिवशी रिपोर्टची प्रत दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवा, ओळख-क्रमांक लिहून घ्या आणि आठवड्याच्या आत तक्रार नोंदवा.