सात सेकंदांचा संयम

9 सप्टेंबर 1942. ‘चले जाव’ची हाक दिल्याला महिना उलटला होता. नंदुरबारच्या रस्त्यावर निघालेल्या मिरवणुकीत तिरंगा होता पंधरा वर्षांच्या शिरीषकुमार मेहताच्या हाती. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हुतात्मा झाले. ज्यांनी चाप ओढला त्यांना बंदूक भरायला, नेम धरायला रीतसर शिकवलेले होते. गोळी कुणावर झाडायची नाही, हे भान त्या दिवशी दिसले नाही. स्वसंरक्षणासाठी पिस्तूल चालवायला शिकण्याचा विषय या जिल्ह्यात मांडायचा, तर या दिवसाला वळसा घालून चालणार नाही.

खानदेशातले शस्त्रशिक्षण त्याहून जुने आहे. सातपुड्यातल्या भिल्लांच्या घरात तीरकामठा बापाकडून मुलाकडे येत असे. 1818 मध्ये पेशवाई बुडाली, खानदेश इंग्रजांकडे गेला आणि भिल्ल नाईकांशी त्यांचा झगडा सुरू झाला. 1825 मध्ये जेम्स आउट्रम या 22 वर्षांच्या लेफ्टनंटने ‘खानदेश भिल्ल पलटण’ उभी करायला घेतली. धरणगाव हे तिचे ठाणे झाले. भरती झालेल्यांना वाटे, हा आपल्याला अडकवण्याचा डाव आहे. मालेगावला आउट्रमच्या मूळ पलटणीतल्या शिपायांनी त्यांना सुपारी देऊन आपल्याशेजारी बसवले, तेव्हा कुठे त्यांची भीती कमी झाली. म्हणजे कवायतीआधी विश्वास आला. पण या पलटणीचे काम होते आपल्याच डोंगरातल्या बंडखोरांना आवरणे. 1857 च्या उठावात खाज्या नाईक या भिल्ल पुढाऱ्याने याच सातपुड्यात इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. पुढे 1878 च्या शस्त्र कायद्याने सामान्य हिंदी माणसाच्या हातातले हत्यार परवान्याच्या कुलपात गेले.

परवाना आजही लागतोच. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम यांनुसार पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. नागरिकाला सहसा .32 किंवा .22 बोअरचे हत्यार मिळते. 9 मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित वर्गात मोडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला कमाल दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात. आनंदाच्या भरात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. 2016 च्या नियमांत प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही आहे: सुरक्षित हाताळणी, शस्त्र बाळगण्याची रीत, गोळी झाडण्याचे तंत्र, निगा, साठवण आणि वाहतूक. यांतला गोळी झाडण्याचा भाग एकच. बाकीचे सगळे शिक्षण अपघात टाळण्याचे आहे.

चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी काडतूस हाती देत नाही. प्रत्येक हत्यार भरलेलेच समजायचे, ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही, नेम पक्का होईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवायचे आणि लक्ष्याच्या मागे कोण आहे हे आधी पाहायचे, एवढे अंगवळणी पडेपर्यंत रिकाम्या पिस्तुलावर सराव चालतो. घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात, नजर एकाच ठिकाणी खिळते. अशा वेळी डोके सुचवत नाही, सवय सुचवते. कायद्याची मर्यादाही तिथेच शिकावी लागते. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे आत्मरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा देत नाहीत.

हाच संयम खेळातल्या नेमबाजीतही लागतो. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकले. नेमबाजीत हे पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. या खेळाच्या वेगवान टप्प्यात लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी तीन सेकंद समोर येते आणि मधले सात सेकंद पिस्तूल खाली धरून थांबायचे असते. झाडण्याच्या दुपटीहून जास्त वेळ थांबण्यात जातो.

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या विखुरलेल्या पाड्यांत रात्री मदत पोहोचायला वेळ लागतो, हे खरे. म्हणून कुणाला हत्यार हवेसे वाटले तर त्यात गैर नाही. पण परवान्याचा अर्ज भरण्याआधी शिकायला जा आणि घरात पोर असेल तर हत्याराआधी कुलूपबंद पेटी आणा. थांबायला न शिकलेल्या हाताने काय होते, हे नंदुरबारने 1942 मध्ये पाच जीव देऊन पाहिले आहे.